सजवलेली पंप गन: यादीतल्या कुठल्या भागाला किती किंमत द्यावी

विचारलेले थोडक्यात असे. टेक्सासमध्ये घराच्या संरक्षणासाठी जुनी (सेकंडहँड) रेमिंग्टन 870 ही पंप गन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायची शॉटगन, विकत घ्यायची आहे. विकणाऱ्याने लांबलचक यादी पाठवली आहे: 18 इंची नळी, सहा काडतुसांची मॅगझीन, घोस्ट रिंग साइट, डाव्या अंगाला सहा काडतुसांचे साइड सॅडल (जादा काडतुसे अडकवायची पट्टी), फोरएंडमध्ये (मागेपुढे ओढायच्या मुठीत) दिवा, मोठ्या डोक्याची सेफ्टी, हीट शील्ड (नळीवरचे भोकांचे आवरण), नळीच्या तोंडाला दातेरी ब्रीचर (दार फोडायचे तोंड) आणि पिस्तुल ग्रिपचा दस्ता. साध्या 870 च्या दुपटीहून जास्त पैसे मागतो आहे. यातले कामाचे काय, दिखाऊ काय आणि हातात घेतल्यावर तपासायचे काय?

कायद्याचे आधी, कारण तिथे चुकले तर पुढचे सगळे वाया. एच-1बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणेही गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणे वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही. दुसरी गोष्ट लांबीची. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे शॉटगनची नळी 18 इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी असेल तर ती नोंदणीच्या कक्षेत येते. वापरलेल्या गनची नळी कुणी कापलेली असू शकते, म्हणून स्वतः मोजा. गन पूर्ण रिकामी करायची, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) बंद करायचा, तोंडातून लाकडी काठी सोडून ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची. ती लांबी 18 च्या वर हवी. आट्यांवर बसवलेला ब्रीचर यात धरत नाहीत. वेल्ड वगैरे करून कायमचा जोडलेला असेल तरच धरतात. दातांसह कशीबशी 18 भरणारी नळी असेल तर तो सौदा तिथेच सोडा. भारतातल्या परवानाधारकांनी हे आकडे तिकडे लावू नयेत. तिथे 20 इंचांपेक्षा आखूड नळीची स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीची) गन निषिद्ध वर्गात जाते आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे.

आता मूळ गन. 870 हे मॉडेल 1950 पासून बनते आहे, पण सगळ्या 870 सारख्या नाहीत. पोलीस मॉडेल आणि जुन्या विंगमास्टर या गना उत्तम. साधारण 2007 नंतरच्या काही वर्षांतल्या स्वस्त एक्स्प्रेस मॉडेलबद्दल मात्र तक्रारी बऱ्याच. चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, आतून खडबडीत राहिलेला असतो आणि पोलादी बुडाची स्वस्त काडतुसे बार झाल्यावर त्यात चिकटतात. मग फोरएंड मागे येत नाही, माणूस गन गुडघ्यावर आपटतो आणि दोष काडतुसाला देतो. चेंबर पॉलिश केला की हा त्रास जातो, पण हे काम गनस्मिथचे. त्याच एक्स्प्रेसमध्ये एक्स्ट्रॅक्टरही (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) साच्यातून काढलेला असतो. पोलीस मॉडेलमध्ये तो यंत्रावर कापून बनवलेला असतो आणि तो बसवून घेणे हा फार थोड्या पैशांत होणारा मोठा फायदा आहे. काडतूस उचलणारा लिफ्टर खालून पाहा. त्यात इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असेल तर ती फ्लेक्सिटॅबची नवी रचना. काडतूस बोल्टखाली अडकले तरी गन उघडते. खाच नसलेली जुनी गन वाईट नाही, पण तशी अडकली तर ती सोडवणे जिकिरीचे असते.

मोसबर्ग या दुसऱ्या कंपनीच्या 500 किंवा 590 या पंप गनचा विचार करणाऱ्यांसाठी तुलना थोडक्यात. 590 मध्ये सेफ्टी रिसीव्हरच्या (गनच्या मधल्या सांगाड्याच्या) माथ्यावर अंगठ्याखाली असते, एक्स्ट्रॅक्टर दोन असतात आणि लिफ्टर वरच राहत असल्याने काडतूस भरताना अंगठा चिमटत नाही. रिसीव्हर मात्र ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे स्क्रू जोरात आवळले की आटे जातात. 500 आणि 590 यांच्या नळ्या एकमेकींना बसत नाहीत आणि 500 ची मॅगझीन ट्यूब पुढून बंद असल्याने तिला 870 सारखे एक्स्टेन्शन (जादा काडतुसांची जोडनळी) लावता येत नाही, हे न कळल्यामुळे बरेच भाग परत पाठवावे लागतात.

तुमच्या विक्रेत्याच्या यादीचा साचा 1990 च्या दशकात नॅशव्हिलच्या स्कॅटरगन टेक्नॉलॉजीजने रुळवला. 2000 मध्ये ती कंपनी विल्सन कॉम्बॅटने घेतली. घोस्ट रिंग, एक्स्टेन्शन, साइड सॅडल, दिव्याचा फोरएंड, मोठी सेफ्टी, सगळे तिथलेच. मूळ साच्यात प्रत्येक भागाला कारण होते. नक्कल करताना भाग उरले आणि कारणे गळाली, म्हणून एकेक भाग तपासू.

सगळ्यात आधी दस्ता, कारण इथेच सर्वाधिक लोक चुकतात. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतच्या अंतराला लेंथ ऑफ पुल म्हणतात. 870 वर कारखान्यातून ते साधारण 14 इंच येते. कबुतरांवर नेम धरणाऱ्या उंच माणसाला, अंग तिरपे करून उभे राहिल्यावर, ते बरोबर बसते. छाती समोर ठेवून उभे राहणाऱ्या साडेपाच फुटी माणसाला ते लांब पडते. हात ताणला जातो, फोरएंड पूर्ण मागे येत नाही आणि रिकामे काडतूस अर्धवट बाहेर पडते. यालाच शॉर्ट स्ट्रोक म्हणतात. पंप गनचे बरेचसे ‘बिघाड’ खरे तर हेच असतात. रिकामी गन घेऊन कोपर काटकोनात वाकवा, दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोचले पाहिजे. घरातली दोन माणसे वापरणार असतील तर कमी उंचीच्या माणसाच्या मापाने दस्ता घ्यावा. आखूड दस्ता उंच माणसाला चालवता येतो, उलटे होत नाही. मॅगपुलचा एसजीए दस्ता पट्ट्या घालून 12.5 ते 14.5 इंच करता येतो. होगचा आखूड दस्ता 12 इंचांचा असतो. यादीतल्या ‘पिस्तुल ग्रिप’चा अर्थ विचारून घ्या. पूर्ण दस्त्याला जोडलेली मूठ असेल तर ती आवडीची बाब आहे. मागे दस्ताच नसलेली नुसती मूठ असेल तर ती काढून टाकायच्या तयारीने घ्या. खांद्याचा आधार नसला की 12 बोअरचा धक्का मनगट घेते, नेम कमरेवरून लागतो, म्हणजे लागतच नाही.

दिवा. अंधारात कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, त्यामुळे घरातल्या गनवर दिवा हा चैनीचा भाग नव्हे. फोरएंडमध्येच बांधलेला दिवा सर्वात चांगला, कारण पंपावरचा हात बटनावर आपोआप येतो. शुअरफायरचा 870 साठीचा फोरएंड 600 आणि 200 ल्युमेन असे दोन प्रकाश देतो. स्ट्रीमलाइटचा टीएल-रॅकर 1000 ल्युमेनचा असून दोन सीआर123ए बॅटरींवर चालतो. घरातल्या पांढऱ्या भिंतींवरून 1000 ल्युमेन परतून आपलेच डोळे दिपवतात, म्हणून खोलीत 600 पुरे. तपासताना एवढेच पाहा: पंप जोरात मागेपुढे करताना दिवा आपोआप लागतो का? लागत असेल तर बटन हाताखाली चुकीच्या जागी आहे. नळीला पट्टीने बांधलेला टॉर्च आणि लोंबती वायर हा प्रकार मात्र घेऊ नये. बारच्या धक्क्याने पट्टी सरकते आणि वायर पंपात अडकते.

साइट. मण्याची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा) आणि दुसरे काही नाही, अशी साधी 870 घरातल्या पाच-सात यार्डांसाठी अपुरी नाही. घोस्ट रिंग म्हणजे मागे मोठे गोल छिद्र आणि पुढे उंच माशी. डोळा छिद्राची कड धूसर करतो आणि माशी आपोआप मध्यात येते, म्हणून ‘घोस्ट’. एकसंध स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) 50 ते 100 यार्डांवर मारायचा असेल तर ती हवीच. नुसत्या मण्यावर गाल थोडा वर राहिला की स्लग चांगलाच वर जातो. विकत घेण्याआधी पुढची माशी नळीला चांदीच्या डाकाने जोडली आहे की चिकटवली आहे ते विचारा. चिकटवलेली माशी काही डझन जोरदार बारांत उडालेली असते. मागच्या साइटचे स्क्रू उघडून निळे लॉकटाइट लावून परत बसवावेत. लाल लावू नये, पुढे गरम केल्याशिवाय निघणार नाही. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावायचा असेल तर तो जितका खाली बसेल तितका चांगला. उंच पट्टीवर डॉट लावला की गाल दस्त्यावरून उठतो आणि धक्का गालफडाला बसतो.

मॅगझीन एक्स्टेन्शनवर थोडा वेळ घालवावा लागेल. साध्या 870 च्या ट्यूबमध्ये चार काडतुसे बसतात. दोनचे एक्स्टेन्शन लावले की सहा होतात आणि ते 18 इंची नळीच्या तोंडापाशी संपते. लांबी वाढत नाही, पुढे वजनही बेताचे वाढते. अडचण एक्स्प्रेसच्या ट्यूबमध्ये असते. कारखान्याने स्प्रिंगची टोपी धरून ठेवायला ट्यूबच्या आत दोन फुगवटे ठोकलेले असतात. ते काढून ट्यूब आतून गुळगुळीत केल्याशिवाय फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसे ढकलणारा तुकडा) पुढेमागे जात नाही. घाईत कुणी ते ड्रिलने खरवडले असतील तर आत कडा राहतात, फॉलोअर त्यांना अडतो आणि शेवटची दोन काडतुसे ट्यूबमध्येच राहतात. माणसाला वाटते गन रिकामी झाली. हे तपासायला एक्स्टेन्शन उतरवून बोटभर आत पाहा, मग डमी काडतुसे सहाच्या सहा भरून सावकाश बाहेर काढा. स्प्रिंगचे माप असे: मोकळी स्प्रिंग ट्यूबमध्ये टाकल्यावर ती तोंडाबाहेर वीत-दीड वीत आली पाहिजे. याहून आखूड असेल तर शेवटच्या काडतुसाला जोर उरत नाही, फार लांब असेल तर सहावे भरतच नाही. फॉलोअर झगझगीत रंगाचा असेल तर ट्यूब रिकामी आहे हे एका नजरेत कळते. नळी आणि एक्स्टेन्शन यांना बांधणारा क्लॅम्प फक्त हलू नये इतकाच आवळायचा. जास्त आवळला तर नळीवर ताण येऊन स्लगचा नेम बाजूला सरकतो. बदकांच्या शिकारीला हीच गन नेणार असाल तर लक्षात ठेवा, स्थलांतरित पक्ष्यांसाठी फेडरल नियमाने गनमध्ये एकूण तीनच काडतुसे बसली पाहिजेत. त्यासाठी ट्यूबमध्ये प्लग परत घालावा लागतो.

साइड सॅडलने सहा काडतुसे जवळ राहतात, पण सुमारे 300 ग्रॅम वजन डाव्या अंगाला लटकते. हे बसवायला चापाच्या खोक्याच्या पिना काढून त्या जागी लांब स्क्रू घालतात. ते स्क्रू जास्त आवळले की रिसीव्हरच्या भिंती आत दाबल्या जातात आणि बोल्टची सरक जड होते. ‘जाम पडलेली’ म्हणून गनस्मिथकडे आलेल्या कित्येक गना ते स्क्रू पाव वळणाइतके सैल केले की बऱ्या होतात. म्हणून सॅडल काढून आणि लावून, दोन्ही वेळा फोरएंड सारखाच सरकतो का पाहा. दुसरी ठेच फोरएंडची. लांब, खेळाच्या प्रकारचा फोरएंड मागे येताना सॅडलच्या पुढच्या कडेला आपटतो आणि स्ट्रोक पूर्ण होत नाही. त्याला पोलीस प्रकारचा आखूड फोरएंड लागतो. आजकाल बरेच जण धातूच्या सॅडलऐवजी वेल्क्रोने चिकटणारे कापडी कार्ड वापरतात. हलके, स्क्रू नाहीत, कार्ड रिकामे झाले की दुसरे लावायचे. घरगुती वापराला तेच बरे.

मोठ्या डोक्याची सेफ्टी या यादीतला सर्वात फसवा भाग. हातमोजे घालून काम करणाऱ्या पोलिसांसाठी ती उपयोगाची वाटली. पण ती इतकी बाहेर येते की गन पिशवीत सरकवताना, गाडीच्या सीटला घासताना किंवा कपाटातून काढताना आपोआप ‘चालू’ होते. कारखान्याची मूळ सेफ्टी परत बसवा. मोसबर्गवर उलट: तिथली प्लास्टिकची सेफ्टी काढून धातूची बसवणे शहाणपणाचे, आणि तिथे पिस्तुल ग्रिप टाळावी, कारण मूठ न सोडता अंगठा माथ्यावरच्या सेफ्टीपर्यंत पोचत नाही.

हीट शील्ड आणि ब्रीचर या दोघांवर फार शाई खर्च करत नाही. भोकांचे शील्ड पहिल्या महायुद्धातल्या विंचेस्टर 1897 या खंदकातल्या गनवर होते. तिथे संगीन लावून तापलेली नळी हाताने धरायची वेळ येत असे. घरात वीस-पंचवीस बारांनी ती गरज पडत नाही, उलट शील्डचे स्क्रू सैल होऊन खुळखुळतात आणि खाली पाणी साचून नळी गंजते. एक्स्प्रेसच्या खरबरीत काळ्या फिनिशला तर दमट हवा सोसतच नाही. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी कोकणातल्या पावसाळ्यातले कुलूप समजूनच तिला तेलाचा हात मारत राहावे लागते. ब्रीचरचे दात दाराशी टेकवल्यावर वायू बाहेर जावा यासाठी असतात आणि तो पथकाने, खास काडतुसाने करायचा उद्योग आहे. घरात ते फक्त पडद्यात अडकतात.

यादीत नसलेली पण विचारायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे नळीचा आतला घाट. काही गनस्मिथ चेंबरपुढचा निमुळता भाग लांबवतात, नळी आतून किंचित रुंद करतात आणि तोंडाशी छिद्रे पाडतात. व्हँग कॉम्प पद्धत याच प्रकारची. साध्या डबल-ओ (00 मापाच्या जाड) छर्ऱ्याने याचा फायदा दिसतो, पसारा आवळतो. बिनचोकच्या (तोंडाशी न आवळलेल्या) साध्या नळीतून साधे काडतूस ढोबळ मानाने दर यार्डाला एक इंच पसरते. म्हणजे 10 यार्डांवर पसारा सुमारे 10 इंचांचा. फेडरल कंपनीच्या काडतुसातल्या फ्लाइटकंट्रोल वॅडने (छर्रे धरणाऱ्या प्लास्टिकच्या पेल्याने) मात्र हे गणितच बदलले. तो वॅड छर्रे दूरपर्यंत एकत्र धरून ठेवतो, साध्या 18 इंची नळीतूनही 15 यार्डांवर पसारा तळहाताएवढा राहतो. तोच वॅड छिद्रांच्या किंवा घट्ट चोकच्या नळीत बिघडतो आणि पसारा उलट वाढू शकतो. म्हणजे नळीवर खर्च केलेले पैसे चांगल्या काडतुसाशी भांडू लागतात. नळीला छिद्रे असतील तर घरात रात्री त्यांतून निघणारी ज्वाळा आणि आवाज हेही मोजा. साधी, छिद्रे नसलेली नळी आणि चांगले काडतूस हा माझ्या मते सरळ मार्ग.

काडतुसात आठ छर्ऱ्यांचे आणि नऊ छर्ऱ्यांचे असे डबल-ओचे दोन प्रकार मिळतात. नऊमध्ये एखादा चुकार छर्रा पसाऱ्यापासून लांब जाण्याचे प्रमाण जास्त असते. आठ एकमेकांत नीट रचले जातात. प्रत्येक छर्रा 0.33 इंचाचा आणि प्रत्येकाचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून आठचे घ्यावे. वेग 1325 ऐवजी 1145 फूट प्रतिसेकंदच्या आसपासचा, कमी धक्क्याचा घेतला तर दुसरा बार लवकर नेमावर येतो. अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती म्हणजे जिप्समचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पोकळी. डबल-ओ अशा अनेक भिंती पार करते. कोणती खोली कोणत्या दिशेला आहे ते दिवसा, रिकाम्या हाताने फिरून ठरवा. छोटी 1¾ इंची काडतुसे भरून संख्या वाढवायची कल्पना 870 वर सोडून द्या. लिफ्टर 2¾ इंचांसाठी आहे, छोटे काडतूस त्यावर उलटेपालटे होते.

आता खरेदीच्या दिवशीचा क्रम. गन रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, चेंबर आणि ट्यूब दोन्हींत, पाहून घ्या. सेफ्टी लावून चाप ओढा, हॅमर (घोडा) पडता कामा नये. मग चाप सोडून सेफ्टी काढा. तरीही पडता कामा नये. नंतर डमी काडतुसे भरून सावकाश आणि मग जोरात, दोन्ही तऱ्हेने पंप करा. एका वेळी दोन काडतुसे ट्यूबमधून सुटली तर आतली काडतूस अडवणारी पट्टी सैल झाली आहे. 870 मध्ये ती रिसीव्हरला ठोकून बसवलेली असते, ढिली झाली की गनस्मिथच लागतो. चालत असेल तर कागदावर 5, 10, 15 आणि 20 यार्डांवर, तुम्ही घरात ठेवणार आहात त्याच काडतुसाने पसारा काढा. प्रत्येक अंतरावर किमान तीन बार. ज्या अंतरापुढे एक तरी छर्रा छातीएवढ्या कागदाबाहेर जाऊ लागतो ती तुमच्या गनची हद्द, मग ब्रोशर काहीही सांगो. एकूण शंभर बार बिनअडथळा झाले की ती घरात ठेवण्यालायक.

ठेवायची कशी? पंप गनमध्ये फायरिंग पिन अडवणारा वेगळा अडसर नसतो, जोरात आपटली तर चेंबरमधले काडतूस उडू शकते. म्हणून चेंबर रिकामा, ट्यूब भरलेली, सेफ्टी लावलेली, आणि हे सगळे कुलूपबंद, पटकन उघडणाऱ्या तिजोरीत. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणामुळे 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ट्यूबमध्ये एक जागा मोकळी ठेवली तर वेळेला स्लग भरता येतो. आणि पंपाच्या खडखडाटानेच चोर पळतो या समजुतीवर चेंबर रिकामा ठेवत असाल तर तो समज काढून टाका. रिकामा ठेवायचा तो अपघात टाळायला.

भावाचे बोलताना दिवा, एक्स्टेन्शन आणि घोस्ट रिंग यांचे निम्म्या बाजारभावाने पैसे द्या, दस्ता तुमच्या मापाचा असेल तर त्याचेही. सॅडल, सेफ्टी, शील्ड आणि ब्रीचर यांचे शून्य. तेवढ्यावर तो तयार नसेल तर जुनी पोलीस 870 घ्या आणि उरलेल्या पैशांत दिवा, आखूड दस्ता आणि अडीचशे काडतुसे.